अत्युच्च शिखरांवरील वायुभार व हिमस्थिती : सह्याद्रीतील गिर्यारोहकांच्या संदर्भात

पुणे-सातारा मार्गाने कापूरहोळ आणि किकवी मागे टाकले म्हणजे नीरेच्या काठी सारोळे हे गाव लागते. भोर तालुक्याची, तशीच पुणे जिल्ह्याची हद्द येथे संपते. पूल ओलांडला की सातारा जिल्हा सुरू होतो. समुद्रसपाटीपासून गावाची उंची सुमारे ६०० मीटर धरली, तर प्रमाण वातावरणाच्या सूत्राप्रमाणे तेथील वायुभार पाऱ्याच्या सुमारे ७०८ मिलिमीटर इतका येतो. येथून पश्चिमेस वेल्ह्याकडे जाऊन तोरणा चढणारा मनुष्य १४०३ मीटरवर पोहोचतो. त्या ठिकाणी हाच भार सुमारे ६४२ मिलिमीटर भरतो. श्वासावाटे आत गेलेली हवा शरीरात बाष्पाने संपृक्त होते व त्या बाष्पाचा भार ४७ मिलिमीटर असतो. तो वजा करून उरलेल्याचा एकपंचमांशाहून किंचित अधिक भाग प्राणवायूचा धरला, तर सारोळ्यास श्वासातील प्राणवायूचा आंशिक भार सुमारे १३८ आणि तोरण्याच्या माथ्यावर सुमारे १२५ मिलिमीटर होतो. म्हणजे गड चढणाऱ्यास पायथ्यापेक्षा दहा टक्क्यांनी कमी प्राणवायू मिळतो. ही घट कोणाच्या ध्यानातही येत नाही. दम लागतो तो चढणीचा.

एव्हरेस्टच्या शिखरावर हाच आकडा ४३ आहे.

१३८ आणि ४३ या दोन आकड्यांमधील अंतर हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. गेल्या काही दशकांत पुणे परिसरातील गिर्यारोहकांनी हे अंतर वारंवार कापले आहे. १८ मे १९९८ रोजी पुण्याचे सुरेंद्र चव्हाण हे तिबेटच्या बाजूने एव्हरेस्टवर पोहोचले. महाराष्ट्रातील गिर्यारोहकांमध्ये हा मान प्रथम त्यांस मिळाला. त्यानंतर १९ मे २०१२ रोजी पुण्याच्या 'गिरिप्रेमी' या संस्थेच्या मोहिमेतील आठ जण उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली त्याच शिखरावर गेले. पुढे ल्होत्से, मकालू, चो ओयू, धौलागिरी, मनास्लू ही शिखरे झाली. १५ मे २०१९ रोजी याच संस्थेचे दहा गिर्यारोहक कांचनजंगेवर पोहोचले आणि एप्रिल २०२१ मध्ये अन्नपूर्णा झाले. जगातील आठ हजार मीटरांवरील चौदा शिखरांपैकी आठ शिखरे, आणि तीही एका नागरी संस्थेने, हा हिशेब लहान नव्हे. सह्याद्रीत जन्मभर चढणाऱ्या मनुष्यास बर्फ पाहण्यासाठी दीड-दोन हजार किलोमीटर उत्तरेस जावे लागते, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे महत्त्व अधिक पटते.

परंतु या यशाचा जो अर्थ सर्वसाधारणपणे लावला जातो तो शास्त्रदृष्ट्या तपासून पाहणे अवश्य आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर तयार झालेला तरुण हिमालयास पुरा पडतो, असे भाषणांतून व वृत्तपत्रांतून वारंवार ऐकू येते. यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. बेसाल्टचे उभे कडे, त्यांतील ठिसूळ थर, माथ्यावरचे घसरडे गवत व उन्हाळ्यातील तहान यांमुळे पायांस ताकद येते, दोराचा हात बसतो, उंच कड्यावर उभे असताना डोके ठिकाणावर राहते. या गोष्टी कोठेही उपयोगी पडतात. मात्र वायुभार निम्म्यावर आला असता रक्ताने काय करावयाचे, हे तोरण्याने किंवा राजगडाने कोणासही शिकविलेले नाही, आणि शिकविणे शक्यही नाही. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई. तेही १६४६ मीटरच आहे.

विरळ हवेशी शरीर जुळवून घेते ते कसे, हे थोडक्यात पाहू. मनुष्य साधारणतः तीन हजार मीटरांच्या वर गेला की श्वास आपोआप जलद होतो. त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड बाहेर पडून रक्त अल्कधर्मी होऊ लागते, आणि ही अल्कता श्वासास पुन्हा आवर घालू पाहते. मूत्रपिंडे काही दिवसांत बायकार्बोनेट बाहेर टाकून हा तोल सावरतात. मग श्वासास अधिक मोकळीक मिळते. तांबड्या पेशींची वाढ याहून सावकाश होते, तिला आठवडे लागतात. म्हणून दिवसा वर चढावे व रात्री खाली येऊन झोपावे, असा क्रम मोहिमांत तीन-चार आठवडे पाळला जातो. हा वेळ चुकविणाऱ्यांस जे भोगावे लागते त्याचे पहिले मोठे वैद्यकीय विवेचन आपल्याच देशातून आले, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांस सहसा ठाऊक नसते. १९६२ च्या चीन युद्धाच्या सुमारास सपाटीवरील सैनिकांना फारशी उसंत न देता उंच सीमेवर नेण्यात आले. त्यांतील १९२५ सैनिकांच्या आजाराचे निरीक्षण सैन्यातील डॉक्टर इंदर सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केले. पर्वतीय आजाराविषयीच्या वाङ्मयात तो लेख आजही आधारभूत मानला जातो. फुफ्फुसांत पाणी साठणे आणि मेंदूस सूज येणे या दोन घातक अवस्था तरुण व धडधाकट मनुष्यासही गाठतात, किंबहुना आपल्या ताकदीवर विसंबून घाई करणाऱ्यास अधिक लवकर गाठतात. दोहोंवर खात्रीचा उपाय एकच, तो म्हणजे विनाविलंब खाली उतरणे.

परंतु अनुकूलनासही मर्यादा आहे. सुमारे ५३६४ मीटरवरील एव्हरेस्टच्या नेपाळी तळावर प्राणवायूचा आंशिक भार समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो व तेथे निरोगी मनुष्य काही आठवडे राहू शकतो. आठ हजार मीटरांच्या आसपास असलेल्या दक्षिण खिंडीवर तो तिसऱ्या हिश्श्यावर उतरतो. येथे शरीर जुळवून घेत नाही. ते झिजू लागते. भूक मरते, झोप लागत नाही, स्नायू घटतात, आणि सर्वांत धोक्याची गोष्ट म्हणजे स्वतःची विचारशक्ती मंद झाली आहे हे मनुष्याच्या स्वतःच्याच लक्षात येत नाही. २००७ साली ब्रिटिश डॉक्टरांच्या एका मोहिमेने शिखरावरून उतरताना ८४०० मीटरवर चार गिर्यारोहकांच्या धमनीतील रक्त काढून तपासले. त्यातील प्राणवायूचा भार सरासरी २४.६ मिलिमीटर निघाला. रुग्णालयात एखाद्याच्या रक्तात हा आकडा आढळला तर तो रोगी मरणोन्मुख आहे असेच कोणीही समजेल. येथे मात्र ती माणसे चालत होती.

शिखरावरील वायुभाराचा प्रश्न भूगोलाच्या अभ्यासकास विशेष मनोरंजक वाटावा असा आहे. प्रमाण वातावरणाच्या सूत्राने ८८४८ मीटरवर २३६ मिलिमीटर इतका भार निघतो. १९८१ च्या अमेरिकन वैद्यकीय मोहिमेत शिखरावर प्रत्यक्ष मोजलेला भार मात्र २५३ मिलिमीटर भरला. ही सतरा मिलिमीटरांची तफावत उपकरणातील दोषामुळे नव्हती. एव्हरेस्ट २८ अक्षांशावर, म्हणजे उष्णकटिबंधाच्या जवळ आहे. येथील तापलेला हवेचा स्तंभ फुगून उंच चढलेला असतो व तपांबराची जाडी ध्रुवीय प्रदेशापेक्षा कितीतरी अधिक असते. परिणामी ठरावीक उंचीवर अधिक हवा शिल्लक राहते. प्राणवायूच्या नळकांड्याविना एव्हरेस्ट चढणे मनुष्यास शक्य आहे (८ मे १९७८ रोजी मेसनर व हाबेलर यांनी ते सिद्ध केले) ते या अक्षांशाच्या कृपेने. हेच शिखर अलास्कातील डेनालीप्रमाणे ६३ अक्षांशावर असते तर, या क्षेत्रातील तज्ज्ञ जॉन वेस्ट यांच्या मते, कृत्रिम प्राणवायूविना तेथे कोणीही पोहोचू शकले नसते. ऋतूचाही प्रभाव असतो : ऐन हिवाळ्यात शिखरावरील भार सुमारे २४३ पर्यंत उतरतो, तर पावसाळ्यात तो सुमारे २५५ असतो. दहा-बारा मिलिमीटरांचा हा फरक सारोळ्यास कोणाला जाणवणार नाही; शिखरावर मात्र तो मनुष्याच्या उरल्यासुरल्या ताकदीचा लक्षणीय वाटा खाऊन टाकतो.

यावरून आणखी एक विलक्षण निष्कर्ष निघतो. पृथ्वीचे वातावरण तापत असेल तर हवेचा स्तंभ आणखी फुगावा आणि शिखरावरील वायुभार किंचित वाढावा. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने असेच घडत असल्याचे दाखविले. २०१९ मध्ये दक्षिण खिंडीवर व त्याहून वर सुमारे ८४३० मीटरवर स्वयंचलित हवामान केंद्रे बसविण्यात आली. त्यांच्या नोंदी आणि जुनी हवामानविषयक माहिती यांची सांगड घालून ही आकडेमोड झाली. म्हणजे श्वासापुरते पाहता एव्हरेस्ट हळूहळू 'ठेंगणे' होत आहे. या निष्कर्षावरून पर्वत सोपा झाला असे अनुमान कोणी काढील तर ते चुकीचे ठरेल. हवा जेवढी दाट होत आहे त्यापेक्षा पायाखालचा बर्फ कितीतरी अधिक वेगाने बदलत आहे.

दक्षिण खिंडीवरील हिमनदीचे उदाहरण घ्यावे. २०१९ साली ८०२० मीटरवर तेथे बर्फाचा गाभा काढण्यात आला. त्याचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. पृष्ठभागावरचा बर्फ सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा असल्याचे त्यात आढळले. याचा अर्थ, त्यानंतर साठलेला बर्फ नाहीसा झालेला आहे. संशोधकांच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ५५ मीटर जाडीचा थर अवघ्या पाव शतकात गेला. म्हणजे जो साठण्यास दोन हजार वर्षे लागली, तो वितळण्यास व उडून जाण्यास पंचवीस-तीस वर्षे पुरली. येथे तापमान क्वचितच शून्याच्या वर जाते. मग हे घडले कसे? उत्तर पृष्ठभागाच्या रंगात आहे. ताजे हिम सूर्यप्रकाश परावर्तित करते. ते एकदा नाहीसे होऊन खालचा गडद बर्फ उघडा पडला की तो उष्णता शोषून घेतो, आणि कोरड्या, जोरदार वाऱ्यात तो पाणी न होता सरळ वाफेत रूपांतरित होतो. यास संप्लवन म्हणतात. एकदा उघडा पडलेला बर्फ असा स्वतःच्याच नाशास हातभार लावतो.

गिर्यारोहकाच्या दृष्टीने याचे परिणाम तीन प्रकारांनी दिसतात, आणि तिन्ही एकाच दिशेचे आहेत. हिमाच्या आवरणाने जखडून ठेवलेले दगड मोकळे होऊन कोसळू लागतात; ल्होत्सेच्या उतारावर जेथे पूर्वी मऊ हिमात पायऱ्या पडत असत, तेथे निळा कठीण बर्फ उघडा पडतो व पायाच्या काट्यांचा पुढचा भाग तेवढाच त्यात रुततो. खुंबू हिमप्रपातातील भेगा रुंदावतात. तळाची छावणीच हिमनदीवर वसलेली असल्यामुळे तीही जागची हलू लागते. तळ खाली हलविण्याचा विचार २०२२ मध्ये नेपाळमध्ये गंभीरपणे झाला. आंतरराष्ट्रीय एकात्मिक पर्वतविकास केंद्राच्या २०२३ च्या अहवालानुसार हिंदुकुश-हिमालयातील हिमनद्यांचा ऱ्हास २०११ ते २०२० या दशकात त्याआधीच्या दशकापेक्षा ६५ टक्क्यांनी अधिक वेगाने झाला.

खुंबू हिमप्रपातातून गिर्यारोहक एका मोहिमेत मोजक्या वेळा जातो. त्याचे तंबू, दोर, अन्न व प्राणवायूची नळकांडी वाहून नेणारा शेर्पा मात्र तेथून अनेक वेळा ये-जा करतो. १८ एप्रिल २०१४ च्या पहाटे पश्चिम खांद्यावरून कोसळलेल्या हिमलोटात सोळा जण मृत्यू पावले. ते सर्व नेपाळी कामगार होते, त्यांत एकही परदेशी गिर्यारोहक नव्हता. पुढील वर्षी २५ एप्रिलच्या भूकंपाने पुमोरीच्या बाजूचा हिमलोट तळावरच आणला. शिखराची छायाचित्रे छापणाऱ्या आमच्या नियतकालिकांनी या विषम धोक्याची दखल फारशी घेतलेली नाही, हे येथे नमूद करणे भाग आहे.

हवामानाचा पुढील प्रश्न वाऱ्याचा. वर्षातील बहुतेक काळ शिखर जेट वाऱ्यांच्या पट्ट्यात असते. मे महिन्यात, मोसमी वारे येण्यापूर्वी, हा पट्टा उत्तरेकडे सरकतो आणि काही दिवस शिखर शांत राहते. साऱ्या मोहिमा या मोजक्या दिवसांवर अवलंबून असतात. हे दिवस कमी पडले की जे होते ते २०१९ साली दिसले. मेच्या आरंभी बंगालच्या उपसागरातील 'फनी' या चक्रीवादळाचा प्रभाव एव्हरेस्टपर्यंत पोहोचला व वरच्या छावण्यांतील तंबू उडाले. नेपाळने त्या हंगामात ३८१ परवाने दिले होते. जवळजवळ तितकेच शेर्पा त्यांच्या सोबत. पुढे शांत दिवस मिळाले ते थोडे, आणि २२ मे रोजी शिखराच्या धारेवर जी रांग लागली तिचे छायाचित्र जगभर प्रसिद्ध झाले. त्या हंगामात एव्हरेस्टवर मरण पावलेल्या अकरा जणांत महाराष्ट्रातील दोघे होते. दोघेही शिखर गाठून परतत होते.

रांगेत मृत्यू का येतो, हे अंकगणिताने समजते. प्रचलित चार लिटरांच्या नळकांड्यात ३०० बार दाबाने सुमारे १२०० लिटर प्राणवायू मावतो. मिनिटास दोन लिटर या दराने तो दहा तास टिकतो, चार लिटरांच्या दराने पाच. दक्षिण खिंडीवरून शिखरावर जाऊन परत येण्यास बारा ते अठरा तास लागतात. दोन किंवा तीन नळकांड्यांच्या या हिशेबात अडचणीच्या वेळेसाठी ठेवलेला साठा बेताचाच असतो. धारेवर एका जागी तीन तास उभे राहावे लागले तर तो साठा तेथेच संपतो, आणि प्राणवायू चालू असता ज्या मनुष्याचे शरीर जणू सात-साडेसात हजार मीटरांवर असते, ते क्षणात खऱ्या उंचीवर येऊन पडते. अनुकूलनाने चढलेल्या मनुष्यास हा धक्का बसत नाही. नळकांड्याच्या आधाराने चढलेल्यास बसतो. त्याच वेळी उभे राहिल्याने शरीराची उष्णता घटते, बोटे गारठतात, विचार मंदावतो. शिवाय चढताना 'परत फिरावे' हा निर्णय ज्या मेंदूने घ्यावयाचा, तोच मेंदू प्राणवायूवाचून दुर्बळ झालेला असतो. म्हणूनच परतण्याची वेळ तळावर असतानाच, स्वच्छ डोक्याने ठरवून ठेवण्याचा प्रघात आहे. १९ मे २०१२ या दिवशी, ज्या दिवशी पुण्याचे आठ जण शिखरावर गेले, त्याच शनिवार-रविवारी त्याच मार्गावर गर्दी झाली होती व इतर मोहिमांतील चौघांनी उतरताना प्राण गमावले. एकच हवामान, एकच मार्ग. फरक पडला तो मुख्यतः वेळेच्या हिशेबात व सोबतीच्या संघटनेत, असे आमचे मत आहे.

वेळ वाचविण्याची धडपड अलीकडे निराळ्या दिशांनी चालू आहे. घरीच विरळ हवेच्या तंबूत झोपून अनुकूलन करण्याची पद्धत रूढ होत आहे. मे २०२५ मध्ये चार ब्रिटिश गिर्यारोहकांनी झेनॉन वायू हुंगून, लंडन सोडल्यापासून एका आठवड्याच्या आत एव्हरेस्ट चढून दाखविले. त्यांनी प्राणवायूची नळकांडी वापरली होती, शिवाय तंबूतील अनुकूलनही केले होते; तेव्हा यशाचा वाटा झेनॉनकडे किती जातो हे त्यावरून ठरविता येत नाही. आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण संघाच्या वैद्यकीय समितीने या वायूच्या उपयुक्ततेस पुरावा नसल्याचे आधीच स्पष्ट केले होते. नेपाळ सरकारने सप्टेंबर २०२५ पासून वसंत हंगामातील एव्हरेस्टचे परवानाशुल्क ११,००० वरून १५,००० डॉलर केले. त्याने गर्दी कितपत कमी होईल याविषयी शंका बाळगण्यास जागा आहे. एकूण खर्चाच्या मानाने ही वाढ अल्प आहे.

आमच्याकडील तरुणांचा या हवामानाशी पहिला संबंध येतो तो बहुधा उत्तरकाशी, मनाली किंवा दार्जिलिंग येथील प्रशिक्षणसंस्थांत. तेथील शिखरे पाच-सहा हजार मीटरांचीच, आणि म्हणून ती सुरक्षित समजली जातात. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडातील ५६७० मीटर उंचीच्या 'द्रौपदी का डांडा - २' या शिखराच्या उतारावर उत्तरकाशीच्या संस्थेतील प्रशिक्षणार्थींची तुकडी हिमलोटात सापडली व सत्तावीस मृतदेह हाती आले. जुन्या कठीण थरावर ताजे हिम साचले होते. अशा वेळी दोन थरांमधील पकड कमकुवत असते व माणसांच्या भारानेही वरचा थर सुटू शकतो. याच महिन्यात बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचा हंगाम असतो. २०१४ च्या ऑक्टोबरात 'हुदहुद' हे वादळ विशाखापट्टणमजवळ किनाऱ्यास लागले आणि दोन दिवसांनी त्याच्या अवशेषांनी अन्नपूर्णा परिसरातील थोरोंग खिंडीवर इतके हिम टाकले की त्या भागात चाळीसहून अधिक माणसे मेली. त्यांत बहुतेक पदभ्रमण करणारे प्रवासी, वाटाडे व हमाल होते.

मोसमी पावसाचा व उपसागरातील चक्रीवादळांचा अभ्यास पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे. वादळ किनाऱ्यास लागल्यानंतर त्याचा उरलेला ओलावा हिमालयात किती उंचीवर, किती तासांत व कोणत्या उतारावर हिमरूपाने पडतो, हा त्याच अभ्यासाचा पुढचा भाग होय. नेपाळ व उत्तराखंड येथील उंचावरील केंद्रांच्या नोंदी आता उपलब्ध होऊ लागल्या आहेत, आणि पदव्युत्तर प्रबंधास हा विषय सर्वस्वी योग्य आहे. यासाठी शिखर चढावे लागत नाही; पाच हजार मीटरांवरील एखाद्या केंद्राच्या दहा वर्षांच्या वायुभाराच्या, तापमानाच्या व हिमवृष्टीच्या नोंदी आणि त्या काळातील चक्रीवादळांचे मार्ग एवढी सामग्री आरंभास पुरेशी होईल.